‘प्रशासकच बरा’ या मताचा परामर्श

‘नगरपालिकेत प्रशासक होता तेच बरे होते.’ बार्शीच्या बाजारपेठेत, आडत दुकानांत आणि भगवंत मंदिराच्या परिसरात हे वाक्य हल्ली अगदी सहज कानावर येते. बोलणारे काही ऐरेगैरे नसतात. घरपट्टी वेळेवर भरणारे, पोरांना शिकवून मोठे केलेले, चार पावसाळे अधिक पाहिलेले लोक असतात. पंढरपूर, करमाळा, कुर्डुवाडी कुठेही जा, हेच ऐकू येईल. एवढ्या सुजाण माणसांचे मत सहज उडवून लावता येत नाही. म्हणून ते आधी पूर्ण ताकदीनिशी मांडू, आणि मग ते का टिकत नाही ते पाहू.

या मताच्या मुळाशी चार दावे आहेत. पहिला वेगाचा: सभा नाही, गोंधळ नाही, सभात्याग नाही, साहेबांनी सही केली की काम सुरू. दुसरा कामांचा: प्रशासकाच्या काळात रस्ते झाले, दिवे लागले, निधी आला. तिसरा सचोटीचा: नगरसेवक म्हणजे टक्केवारी आणि गटबाजी, अधिकारी निदान नोकरीला तरी भितो. चौथा व्यवहाराचा: बार्शीसारख्या गावाला राजकारणाची हौस विधानसभेला भागवता येते, नळाला पाणी आणि गटारीला उतार देण्यासाठी राजकारण कशाला? यातल्या प्रत्येक दाव्यात काही ना काही तथ्य आहे. चुकतो तो त्या तथ्यातून काढलेला निष्कर्ष.

दाव्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. प्रशासक बार्शीकरांनी मागितला नव्हता. नगरसेवक नालायक ठरले म्हणूनही तो आला नव्हता. 2016 च्या निवडणुकीतून आलेल्या मंडळाची पाच वर्षे संपली आणि पुढची निवडणूक झालीच नाही, म्हणून तो आला. ती का झाली नाही, याची कथा मंत्रालयातली आणि विधिमंडळातली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये के. कृष्णमूर्ती खटल्यात स्थानिक संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाची पद्धत सांगितली होती. मागासलेपणाचा स्थानिक पातळीवर अभ्यास करा, त्या आधारे संस्थानिहाय प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. त्यासाठी स्वतंत्र आयोग नेमायला हवा होता. पुढची 11 वर्षे सर्व रंगांची सरकारे आली आणि गेली, अभ्यास कोणी केला नाही. 4 मार्च 2021 रोजी विकास किशनराव गवळी खटल्याचा निकाल लागला आणि सरसकट 27 टक्के आरक्षणाचा आधारच निखळला. मग अध्यादेश, त्याला स्थगिती, रखडलेल्या अभ्यासासाठी बांठिया आयोग, जुलै 2022 मध्ये त्याच्या अहवालाला न्यायालयाची मान्यता आणि त्यापाठोपाठ प्रभाग रचनेवरून नवा वाद, अशी मालिका चालली. सदस्यसंख्या एका सरकारने वाढवली, दुसऱ्याने पूर्वपदावर आणली. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून फर्मावले आणि सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ही अखेरची मुदत घातली. बहुतेक नगरपरिषदांचे मतदान 2 डिसेंबर 2025 ला झाले आणि सगळ्यांचे निकाल 21 डिसेंबरला लागले. त्यातही 50 टक्क्यांची मर्यादा ओलांडलेल्या 57 संस्थांचे निकाल अंतिम निवाड्याच्या अधीन राहिले.

म्हणजे ज्या चार वर्षांचे आपण गोडवे गातो, ती कायद्याच्या हेळसांडीतून आली. घटनेचा आदेश याच्या नेमका उलट आहे. 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आहे. तिच्या 243-यू या कलमाप्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षांहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक ती मुदत संपण्यापूर्वी व्हायला हवी. मंडळ मध्येच बरखास्त झाले, तर सहा महिन्यांच्या आत. किशनसिंग तोमर विरुद्ध अहमदाबाद महानगरपालिका या 2006 च्या निकालात घटनापीठाने ही मुदत बंधनकारक ठरवली. जिथे घटना सहा महिन्यांपलीकडे पोकळी सहन करत नाही, तिथे आपण चार वर्षे ती सहन केली. वर, बरे झाले म्हणालो.

आता वेगाकडे येऊ. प्रशासक जलद असतो हे खरे. पण तो जलद का असतो? नगराध्यक्ष, स्थायी समिती, विषय समित्या आणि सर्वसाधारण सभा या सगळ्यांचे अधिकार एका माणसाच्या हाती येतात म्हणून. राज्यातल्या बऱ्याच नगरपरिषदांत प्रशासकपद मुख्याधिकाऱ्यांकडेच गेले. म्हणजे सकाळी मुख्याधिकारी म्हणून ज्याने प्रस्ताव ठेवायचा, त्यानेच दुपारी सभा म्हणून तो मंजूर करायचा आणि संध्याकाळी पुन्हा मुख्याधिकारी म्हणून अमलात आणायचा. विचारणारा कोणीच नसेल, तर वेग येणारच. सभेतला गोंधळ कंटाळवाणा असतो, मान्य. पण त्या गोंधळातच कोणीतरी उठून विचारते की हा ठेका त्याच ठेकेदाराला तिसऱ्यांदा का, अमुक पेठेची जलवाहिनी यादीतून का गळली, व्यापारी गाळ्यांचे भाडे कोणाकडे थकले. विचारणाऱ्याचा हेतू शुद्ध असेलच असे नाही. विरोधी गटाचा नगरसेवक आकसानेही विचारतो. तरी प्रश्न इतिवृत्तात नोंदला जातो, आणि उद्या लेखापरीक्षकाला किंवा न्यायालयाला तोच धागा सापडतो. प्रशासकीय ठरावाला असा धागा नसतो.

दुसरा दावा कामांचा. रस्ते झाले, पण कोणाच्या पैशातून झाले? नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामे, अमृत या योजनांतून. हा पैसा मंत्रालयातून किंवा जिल्हा नियोजनातून येतो. तो कधी आणि कोणत्या कामाला यायचा हे ठरवणारे नगरपालिकेत बसत नाहीत. प्रशासक असताना तो आला याचे श्रेय प्रशासकाला देता येत नाही, आणि नगरसेवक असताना अडला याचा दोष सर्वस्वी नगरसेवकांना देता येत नाही. उलट, पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी रीतसर निवडून आलेले मंडळ असणे ही अट होती, आणि निवडणुका रखडल्याने राज्यातल्या स्थानिक संस्थांचे केंद्रीय पैसे अडकून पडले. प्रशासकाच्या काळाचा हा खर्च हिशेबात धरायला हवा.

इथे मूळ दुखण्याला हात घालू. बार्शी ही ‘अ’ वर्ग नगरपरिषद. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे 1 लाख 18 हजार होती. धान्याच्या आणि कडधान्याच्या व्यापारावर वाढलेले हे गाव. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉपने इथे बार्शी लाइट रेल्वे आणली, तीही या बाजारपेठेच्या भरवशावर. अशा गावाच्या नगरपालिकेला जकात हे उत्पन्नाचे स्वाभाविक साधन होते. बाजार वाढला, माल वाढला, की पालिकेची तिजोरीही वाढायची. 1999 मध्ये राज्याने नगरपरिषदांची जकात रद्द केली. व्यापाऱ्यांनी सुटकेचा नि:श्वास सोडला आणि त्यांचे चुकले नाही. नाक्यावरची अडवणूक आणि चिरीमिरी कोणाला हवी होती? पण त्या जागी आले सहायक अनुदान. ते किती आणि कधी द्यायचे, हे राज्य ठरवते. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, आणि त्यासाठीच्या घटनादुरुस्तीने राज्याच्या सूचीतली प्रवेशकराची नोंदच वगळली. आज बार्शीचा बाजार दुप्पट झाला तरी नगरपालिकेच्या पदरात त्यातले थेट काही पडत नाही.

राहिली घरपट्टी. दर चार वर्षांनी फेरआकारणी करावी असे कायदा म्हणतो. ती केली की हरकतींचा पाऊस पडतो, शिष्टमंडळे मुंबईला जातात आणि वरून स्थगिती येते, हे राज्यातल्या अनेक शहरांनी पाहिले आहे. कर लावण्याची नाराजी पालिकेने घ्यायची आणि कर थांबवण्याचा लोभ राज्याने पदरात पाडून घ्यायचा, अशी ही वाटणी आहे.

पाण्याची गोष्ट याहून बोलकी आहे. बार्शीला उजनीचे पाणी करमाळा तालुक्यातल्या कंदरहून जलवाहिनीने येते. धरणातून किती पाणी मिळणार हे जलसंपदा खात्याच्या हाती. कच्च्या पाण्याचा दर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या हाती. पंपांना लागणारी वीज महावितरणची, तिचा दर वीज नियामक आयोगाचा. नगरपालिकेच्या हाती उरते काय, तर पाणीपट्टी ठरवणे, ती वसूल करणे आणि नळ कोरडा राहिला की शिव्या खाणे. बाराव्या परिशिष्टातल्या 18 विषयांत पाणीपुरवठा आहे, पण परिशिष्टात विषय लिहिला म्हणजे अधिकार मिळाला असे होत नाही. घटनेने तो देणे राज्याच्या मर्जीवर सोडले आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी 18 राज्यांतल्या लेखापरीक्षणांचे सार 2024 मध्ये मांडले. त्यात आढळले की या 18 विषयांपैकी पूर्ण स्वायत्ततेने शहरी संस्थांकडे आलेले विषय सरासरीने जेमतेम चार. म्हणजे नगरसेवकांना नापास करताना ज्या विषयांची परीक्षा आपण घेतो, त्यातले बरेचसे त्यांना शिकवलेलेच नाहीत.

शहर नियोजनाचेही तेच. विकास आराखडा नगरपरिषद तयार करते, मंजूर राज्य करते, आणि मंजुरी देताना बदलही करू शकते. बागेसाठी, शाळेसाठी, भाजी मंडईसाठी आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही, तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देतो, आणि 24 महिन्यांत पालिकेने पाऊल उचलले नाही की आरक्षण संपते. कायदा मालकाच्या बाजूने न्याय्यच आहे. कोणाची जमीन किती काळ अडकवून ठेवायची? पण भूसंपादनाच्या मोबदल्याएवढा पैसा लहान नगरपालिकेकडे नसतो. मग आरक्षणे एकेक करून गळतात, आणि लोक म्हणतात, नगरसेवकांनी बागेची जागा खाल्ली. काही ठिकाणी खाल्लीही असेल. बाकी ठिकाणी ती तिजोरीतल्या खडखडाटाने गेली.

तिसरा दावा सचोटीचा, आणि तो सगळ्यांत नाजूक. नगरसेवकांत भ्रष्टाचार नाही असे मी म्हणणार नाही. म्हटले तर बार्शीत कोणी वाचणार नाही. पण कारभाराची रचना पाहा. मुख्याधिकारी राज्य संवर्गातला असतो. त्याची नेमणूक आणि बदली राज्य करते. निविदा, देयके, मोजमाप पुस्तके यांवर सह्या अधिकाऱ्यांच्या असतात. निवडून आलेले मंडळ असो वा नसो, अधिकाऱ्याच्या सहीशिवाय एक रुपया बाहेर पडत नाही. त्यामुळे पैसा गेला असेल तर तो दोन्ही हातांतून गेला, आणि त्यातला एक हात प्रशासकाच्या काळातही तिथेच होता. नगरसेवकाला पाच वर्षांनी पेठेत मते मागायला यावे लागते. अधिकारी बदलीच्या आदेशाबरोबर जिल्ह्याबाहेर जातो.

शिवाय, वाईट मंडळाला वेसण घालायला कायद्यात तरतुदी कमी आहेत असेही नाही. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठराव तहकूब करू शकतो, आणि त्याची कारणे इतकी सैल आहेत की लोकहिताला बाधक असे म्हटले तरी पुरते. कलम 55-अ व 55-ब खाली राज्य पदाधिकाऱ्यांना दूर करू शकते, अपात्र ठरवू शकते. ही हत्यारे कशी चालली याचा दाखला आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, आणि नळदुर्ग येथील नगरपरिषदांच्या पदाधिकाऱ्यांना मंत्र्यांनी दूर केले आणि सहा वर्षे निवडणूक लढवण्याची बंदी घातली. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई अन्याय्य ठरवून रद्द केली. त्याआधी 2012 मध्ये उरणच्या नगराध्यक्षांच्या प्रकरणातही लोकांनी निवडलेल्या माणसाला असे सहज काढता येत नाही, हेच न्यायालयाने सांगितले होते. साफसफाईचा झाडू ज्याच्या हाती आहे, त्याचाही हात नेहमी स्वच्छ असतो असे नाही.

इथे कोणीतरी तुकाराम मुंढे यांचे नाव काढणारच. 2014 ते 2016 या काळात ते सोलापूरचे जिल्हाधिकारी होते आणि त्यांच्या शिस्तीच्या आठवणी जिल्हाभर आहेत. असा अधिकारी मिळाला तर नगरसेवक हवेत कशाला? पण त्यांच्या पुढच्या वाटचालीकडे पाहा. नवी मुंबई, पुणे परिवहन महामंडळ, नाशिक. एकाही ठिकाणी त्यांना पुरेसा काळ मिळाला नाही. त्यांना नेमले राज्याने आणि हलवलेही राज्यानेच. चांगला अधिकारी हा वरच्यांच्या मर्जीवर बेतलेला चांगुलपणा असतो. तो गावाला मिळतो तेव्हा गावाने तो कमावलेला नसतो, आणि जातो तेव्हा गावाला थांबवता येत नाही. मुखत्यार कितीही प्रामाणिक असला तरी मुखत्यारपत्र मालकाने द्यायचे असते. इथे तर ते मालकाला न विचारताच लिहिले गेले.

चौथा दावा, राजकारण विधानसभेपुरते ठेवावे हा. बार्शीची विधानसभा 2019 मध्ये राजेंद्र राऊतांनी जिंकली, 2024 मध्ये दिलीप सोपलांनी. दोन्ही गट तालुक्याच्या हाडीमाशी रुजलेले आहेत. नगरपालिकेत मंडळ नसताना या गटांचे राजकारण थांबले का? थांबले नाही. ते फक्त सभागृहाबाहेर गेले. गटारीचा प्रश्नही आमदाराकडे, माजी आमदाराकडे, पालकमंत्र्यांकडे जाऊ लागला. प्रभागात राहणारा, सकाळी दूध आणायला निघाल्यावर हटकता येईल असा माणूस उरला नाही. तीन लाखांहून कमी वस्तीच्या शहराला घटनेने प्रभाग समितीचीही सक्ती केलेली नाही, म्हणजे बार्शीत नगरसेवक नसला की नागरिक आणि शासन यांच्यामध्ये खुर्ची ठेवायलाही जागा उरत नाही. नगराध्यक्ष थेट निवडावा की नगरसेवकांतून, हेही राज्याने खेळणे करून टाकले: 2001 मध्ये थेट, 2006 मध्ये नगरसेवकांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्याचे अशी कोंडी झाली की आपण गटबाजीला दोष देतो. ती कोंडी घडवणारा नियम कोणी आणि कशासाठी बदलला, हे विचारत नाही.

प्रशासकाचा हा युक्तिवाद नवाही नाही. 18 मे 1882 च्या ठरावात लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा आग्रह धरला, तो कारभार लगेच सुधारेल म्हणून नव्हे, तर लोकांना राज्य करण्याचे शिक्षण मिळेल म्हणून. त्याच्याच नोकरशाहीने कुरकूर केली की एतद्देशीयांना हे जमणार नाही, कलेक्टरच बरा. 1922 मध्ये मुंबई सरकारने अहमदाबादची नगरपालिका बरखास्त करून तिथे सरकारी समिती बसवली. 1924 मध्ये निवडणूक झाली आणि अध्यक्ष झाले वल्लभभाई पटेल. 1928 पर्यंत त्यांनी पाणी, गटारे, रस्ते यांत घालवलेली ती वर्षे त्यांच्या पुढच्या कारभाराची शाळा ठरली. सरकारी समितीच चालू राहिली असती तर अहमदाबादला गटारे कदाचित मिळाली असती. देशाला मात्र तो कारभारी मिळाला नसता.

खंडन करून थांबणे सोपे असते. बाजू मांडायची तर उपाय सांगायला हवेत. पहिला: मुदत संपण्याच्या एक वर्ष आधी प्रभाग रचना आणि सदस्यसंख्या गोठवावी. त्यानंतर कोणत्याही सरकारने केलेला बदल पुढच्या खेपेपासूनच लागू व्हावा, आणि रचनेचे काम पूर्णपणे राज्य निवडणूक आयोगाचे असावे. दुसरा: प्रशासक नेमावाच लागला तर तो सहा महिन्यांपुरता, आणि त्याचे अधिकार रोजच्या कारभारापुरते. नवा कर, मोठा ठेका, विकास आराखड्यातला फेरबदल, पालिकेच्या जागेचा भाडेपट्टा यांना त्याने हात लावू नये. तिसरा: कलम 308, 55-अ आणि 55-ब खालची प्रकरणे मंत्र्यांकडून काढून ठरावीक मुदतीत निकाल देणाऱ्या न्यायाधिकरणाकडे द्यावीत. चौथा: जकातीच्या बदल्यातले अनुदान मर्जीचे न राहता कायद्यात लिहिलेल्या सूत्राचे व्हावे, शहराच्या वाढत्या व्यापाराशी जोडलेले. पाचवा: घरपट्टीच्या फेरआकारणीला ज्या मंत्र्याने स्थगिती द्यायची, त्याने बुडालेली रक्कम राज्याच्या तिजोरीतून भरून द्यायची. हा शेवटचा नियम झाला तर स्थगित्या आपोआप आटतील.

हे सगळे मुंबईत व्हायचे आहे आणि त्याला वेळ लागेल. बार्शीत मात्र एक गोष्ट आजच करता येते. प्रशासकाच्या काळात झालेला प्रत्येक ठराव, प्रत्येक ठेका, प्रत्येक भाडेपट्टा नव्या मंडळाने सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा, त्यावर चर्चा करावी आणि यादी नगरपालिकेच्या फलकावर लावावी. नागरिकांनी ती मागावी, माहितीच्या अधिकारात मागावी लागली तरी. यादी स्वच्छ निघाली तर त्या प्रशासकाचा जाहीर सत्कार करायला हरकत नाही. आणि ज्यांना वाटते की प्रशासकच बरा होता, त्यांनी ती यादी वाचल्यावर आपले मत पुन्हा सांगावे. निवडलेल्या माणसाला पाच वर्षांनी घरी पाठवता येते. न निवडलेल्याला हिशेब विचारायलाही निवडलेला माणूसच लागतो.